जावयाने आणलेला निळा मासा

मित्रांनो, राजारामपुरीतल्या एका फ्लॅटच्या मागच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनला खेटून जी जुनी काचेची टाकी दिसते ना, ती मी. माझ्यात वाळू नाही, प्रवाळ नाही, रंगीत दिवे नाहीत. एक हीटर, पाणी गाळणारा एक स्पंज आणि माशाला लपायला पाइपाचा तुकडा, एवढाच माझा संसार. "या, आमची टाकी बघा" म्हणून पाहुण्यांना कुणी माझ्याकडे आणत नाही. ते कौतुक हॉलमधल्या मोठ्या टाकीचे. त्याचे मला काही नाही. माझा राग वेगळाच आहे, आणि आज तो मी बोलून दाखवणार.

मला बनवून घेतले ते या घरच्या अमरसिंहांनी. त्यांचे चष्म्याचे दुकान आहे. समुद्राच्या पाण्यातले मासे पाळायचा त्यांना नाद लागला, आणि कोल्हापूरच्या माणसाला नाद लागला की तो अर्धामुर्धा लागत नाही. पहिल्या खेपेला त्यांनी बाजारातून आणलेले मासे थेट मोठ्या टाकीत सोडले. त्यातल्या एकाला रोग होता. सगळी टाकी साफ झाली, एक मासा उरला नाही. तेव्हा अमरसिंहांनी स्वतःच नियम केला : नवा मासा आला की आधी महिना-सव्वा महिना माझ्याकडे.

किती मासे सांभाळले मी! नवा मासा खातो का, काचेला अंग घासतो का, अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके उठतात का, हे सगळे माझ्या पाण्यात कळायचे. आजारी निघाला तर औषधही माझ्यातच पडायचे, कारण ते मोठ्या टाकीत घातले तर प्रवाळ मरतात. खाणे चिमूटभर, बघता बघता संपेल एवढेच. उरलेले कुजते आणि पाणी नासते.

नारिंगी क्लाउनफिशची जोडी अशीच माझ्याकडून धडधाकट होऊन हॉलमध्ये गेली. ती अमरसिंहांच्या बायकोची, तेजस्वीची. ती सकाळचा चहा त्यांच्यासमोर बसून प्यायची. जोडीने दगडावर अंडी घातली, तेव्हा तिने माहेरी फोन करून सांगितले. तिचा सगळा जीव त्या दोन माशांत होता.

पुढे नवे मासे येईनासे झाले आणि माझ्यात कांदे आले. हो, कांदे! वर एक फुटके हेल्मेट.

मग एका रविवारी या घरचे जावई, विश्वजित, पुण्याहून आले. त्यांच्या हातात पाण्याने फुगलेली पिशवी होती आणि तिच्यात पिवळ्या शेपटीचा निळाशार मासा.

"दाजी, नाद खुळा!" अमरसिंह दारातूनच ओरडले.

तेजस्वी लगबगीने गॅलरीत आली आणि माझ्यातले कांदे उपसू लागली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! एवढ्यात मागून तिच्या सासूबाई, आक्का आल्या.

"हे काय गं करतीस?"

"नवा मासा आधी वेगळा ठेवायचा असतोय, आक्का."

"जावयानं एवढ्या लांबनं हौसेनं आणलंय, आन् तू कांद्याच्या खोक्यात घालतीस व्हय? रोगाचं हाय म्हणून बाजूला ठेवलं म्हणतील की!"

अमरसिंहही गॅलरीत आले. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितले, एकदा आईकडे. "राहू दे तेजस्वी," ते हळूच म्हणाले. "दाजींच्या देखत नको. बरा दिसतोय की मासा."

अहो, नियम तुमचाच ना! पण काचेला कुठे तोंड असते?

निळा मासा थेट मोठ्या टाकीत गेला आणि भेदरून कोपऱ्यात बसला. मग सुरू झाला आग्रह. "खाईना व्हय? घाला अजून!" जावयांनी चिमूट टाकली, अमरसिंहांनी टाकली, आक्कांनी सुकटीचा चुरा आणला. त्या जातीला लागते शेवाळ, आणि आल्या आल्या लागते जरा शांतता. जेवायला बसलेल्या पाहुण्याच्या ताटात वाढावे तसे सगळे वाढत राहिले. ते अन्न दगडांच्या सांदीत कुजले.

आठवडाभरात निळ्याच्या अंगावर ठिपके उठले. तो मेला. मग ठिपके नारिंगी जोडीवर आले.

आता मात्र कांदे धडाधड जमिनीवर पडले. आक्का मला घासायला भांड्यांचा साबण घेऊन धावल्या. "साबण नको, आक्का, मासं मरतील!" तेजस्वी किंचाळली. नुसत्या पाण्याने मला धुतले, खारे पाणी केले, औषध घातले. मादी माझ्यात आली तेव्हा तिला धाप लागली होती. ती वाचली नाही. तेजस्वी पालथ्या बादलीवर बसून ढसाढसा रडली. "माझंच चुकलं गं," म्हणत आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

आणि ऐका. त्यानंतर जावयांचा फोन आला. "काय म्हणतोय आमचा मासा?"

"एकदम झकास, दाजी!" अमरसिंह म्हणाले.

माझी काच तडकायचीच बाकी राहिली!

"मग त्याला जोडीदार आणू का?"

"मेला म्हणून सांगा," तेजस्वी कडाडली. "आन् माझी मादीपण मेली म्हणून सांगा."

अमरसिंहांनी चाचरत सांगितले.

"आयला, अमर, दुकानदारानं मला बजावलं होतं रे, महिनाभर वेगळा ठेवा म्हणून. पण म्हटलं, आपणच आणलेल्या वस्तूला वेगळं ठेवा कसं म्हणायचं? सासुरवाडीत काय वाटंल?"

ऐकलंत, मित्रांनो? आणणाऱ्याला ठाऊक होते, ठेवून घेणाऱ्याला ठाऊक होते, आणि दोघेही एकमेकांसाठी गप्प बसले. या शहाण्या माणसांना काय म्हणावे!

नर वाचला. रोग मरावा म्हणून मोठी टाकी आता माशांवाचून ठेवली आहे आणि तो माझ्याकडेच आहे. त्यांच्या जोडीत मादी आधी खायची, मग तो. अजूनही खाणे पडले की तो पाइपामागे थांबून राहतो. तेजस्वी काचेशी वाकून म्हणते, "खा रे बाबा, आता तूच हाईस." तेव्हा कुठे तो पुढे येतो.

म्हणून हात जोडून सांगते, मान ठेवायचा तर माणसांचा ठेवा. त्यांना चहा पाजा, पोटभर जेवायला घाला. मासा मात्र सरळ माझ्याकडे आणा.