दोघींनी एकटीने केलेला प्रवास

माझ्या गॅरेजात, माझ्याच स्टुलावर बसून, माझाच चहा पीत महाराणी म्हणाली, "मिस्त्री, पुन्हा जायचं का गं? या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत. मोटरसायकलवरून. तस्संच."

एकोणीस वर्षांनी तोंड दाखवत होती. महाराणी हे नाव मीच तिला शाळेत ठेवलेलं. सायकलची चेन पडली की ती रस्त्याच्या कडेला उभी राहून माझी वाट बघायची, पण हात काळे करायची नाही.

"तस्संच म्हणजे कसं?" मी विचारलं.

ती कपात बघत म्हणाली, "म्हणजे, तू जरा मागे राहायचंस. शेवटच्या गावी सत्कार आहे, पेपरवाले येतील. मी एकटीने देश पार केला असंच सगळ्यांना माहीत आहे ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी हसून म्हटलं, "येते की."

सगळ्यांना काय माहीत आहे ते मला चांगलंच ठाऊक होतं. तेव्हा आम्ही दोघी निघालो होतो, दोन गाड्यांवर. एकविसाव्या दिवशी, शेवटच्या फाट्यावरच्या बूथवरून मी घरी फोन केला, तर बाबा शेवटच्या घटका मोजत होते. समुद्र एकशेवीस किलोमीटरवर राहिला होता. मी डावीकडे घराच्या रस्त्याला वळले, ती सरळ गेली. पलीकडे वार्ताहराने तिला विचारलं, "एकट्याच आलात?" ती म्हणाली, "हो." तेवढं खरंही होतं. पण पेपरात छापून आलं, सबंध देश एकटीने पार करणारी बाई. आणि ते खोडायला ती कधी गेली नाही.

मी घरी पोचले तेव्हा बाबा गेलेले. दुसऱ्या दिवशी दादा पेपर हातात घेऊन दारात उभा. म्हणाला, "ती एकटी होती. मग तू एकवीस दिवस कुठे होतीस? आणि कोणाबरोबर?" मी फोटो दाखवायला गेले, तर सगळे फोटो मीच काढलेले. एकातही मी नव्हते. महाराणीकडे धावले, म्हटलं, एकदा येऊन सांग बाई. ती म्हणाली, "एवढे दोन सत्कार होऊ देत." ते दोन कधी संपलेच नाहीत. दादाने मला घराचं दार बंद केलं. भाचीच्या लग्नाचं मला तिसऱ्याकडून कळलं, तेही लग्न झाल्यावर.

म्हणून मी येते म्हटलं.

बाबा मिस्त्री होते. त्यांचा एकच नियम, माणसावरचा राग यंत्रावर काढायचा नाही. मी तिच्या गाडीचा एक नटसुद्धा सैल केला नाही. उलट रोज सकाळी ती केस विंचरत असताना मी दोन्ही गाड्यांच्या चेन तपासायची, तेल द्यायची, तिची जुनाट चेन आवळायची. सामान लादलेल्या गाडीची जुनी चेन रोज थोडी लांबते. तिला वाटायचं गाडी आपोआप चालते. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बघ, माझ्या गाडीला माझा हात कसा मानवतो!" मी तेलाची बाटली पिशवीत ठेवली.

शेवटच्या तीन सकाळी मी तिच्या चेनला हात लावला नाही. बस, एवढंच केलं. तिला मारायचं नव्हतं, थांबवायचं होतं; म्हणून मी पुढे राहून चाळिसाच्या वर जाऊ दिलं नाही. ती मागून हॉर्न वाजवून वैतागली.

फाट्यावर आम्ही चहाला थांबलो. जुना बूथ गेला होता, तिथे आता टायरचं दुकान होतं. चहा पिऊन ती गाडीवर बसली, गियर टाकला, आणि चढाला लागताच खाटकन चेन उतरली.

"मिस्त्री, चेन पडली गं!"

"दिसतंय."

"मग बस ना खाली. पाचला सत्कार आहे."

"तू एकटी आली आहेस," मी म्हटलं. "एकटीने देश पार करणाऱ्या बाईला चेन चढवता येत असेलच की. पाने डिकीत आहेत."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पाना काढला, तो उलटा धरला, परत ठेवला. एकोणीस वर्षांत मला पहिल्यांदाच बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

"काय हवंय तुला?" ती हळूच म्हणाली.

"दादाला फोन लाव. मी तुझ्याबरोबर होते म्हणून सांग. मग चढवते."

ती गाडीला टेकून खालीच बसली. "त्याला काय सांगू? त्याला माहीत आहे."

"काय?"

"तिसऱ्या वर्षी मी सगळं सांगून आले होते. मला झोप लागत नव्हती गं. मला वाटलं, तो तुला सांगेल."

"चोराच्या उलट्या बोंबा! लाव फोन. स्पीकरवर."

तिने लावला. दादाचा आवाज मी लगेच ओळखला, जरा म्हातारा झालेला.

"दादा, ते आमच्या प्रवासाचं... तुमची बहीण माझ्याबरोबर होती, ते..."

"पुन्हा तेच?" दादा चिडला. "तेव्हाच म्हटलं होतं ना, विषय बंद! आता तिला कळलं तर मला तिच्या पाया पडावं लागेल."

मी फोन बंद केला. एकोणीस वर्षं मी दातओठ खात होते ते हिच्यावर. आणि तो सगळं जाणून, सोळा वर्षं, दार लावून आत जेवत होता.

मी खाली बसले, चेन चढवली, आवळली, चाक फिरवून पाहिलं. हात पुसले.

"समुद्र सरळ," मी म्हटलं. "दादाचं घर डावीकडे, दीडशे किलोमीटर. सत्काराला जायचं तर जा. मी डावीकडे जाते."

महाराणीने फुलं घेऊन उभ्या असलेल्या लोकांना फोन केला. "मी येत नाही," एवढंच म्हणाली. मग तिने गाडी डावीकडे वळवली.

मी तिला माफ केलेलं नाही. पण दादाच्या दारात मला साक्षीदार लागणार होती. या वेळी मी तिला पुढे घातलं आणि तिच्या मागे मागे निघाले, म्हणजे दार उघडलं की त्याला आधी ती दिसेल.