रोझाला वन्स मोर

शेजारच्या रोझाचं स्पॅनिश नाटक बघायला अनसूयाबाईंनी अमेरिकेतल्या नेपरव्हिल गावची चार मराठी घरं दटावून आणली होती. रोझाचं अंगाईगीत संपलं, तरी मराठी रांगा मख्ख. रोझाचा चेहरा उतरला.

“आई, भाषाच कळत नाही, तर टाळ्या कशाला?” लेक यतीन फोन चाळत पुटपुटला.

अनसूयाबाईंचं टाळकं सटकलं. “मेल्या, नाटकात तिचं लेकरू गेलंय! रिकामा पाळणा दिसला नाही? डोळे आहेत की बटणं?”

त्या ताडकन उठल्या आणि खणखणीत ओरडल्या, “वन्स मोर!”

रोझा चमकली, मग डोळे पुसून तिने अंगाई पुन्हा धरली. बाईंनी यतीनचा फोन हिसकावला. “आता बघ!”