विझलेल्या कोळशावरची रान

मंठ्याबाहेर रस्त्याकडेला रामप्रसादचा ढाबा होता. धुरावर शिजवलेली बकऱ्याची रान, म्हणजे अख्खी मांडी, ही त्याची नवी टूम. त्यासाठी त्यानं तेलाच्या जुन्या पिंपाला खाली हवेची झडप आणि झाकणाला उष्णतेचा काटा बसवून घेतला होता. आच मंद ठेवायची, पण काटा पडू द्यायचा नाही, हे त्याच्या बायकोला, वर्षाराणीलाही एव्हाना पाठ झालं होतं.

त्या दिवशी जुन्या जालन्यातल्या एका घरी बारशाचं जेवण होतं. रामप्रसादनं सकाळीच दोन राना पिंपात टांगल्या, कोळसा पुरावा म्हणून झडप पार आवळली आणि तो गावात गेला. दुपारी वर्षाराणी पाहायला गेली, तर कोळसा विझून काटा तळाला टेकलेला. झाकण उचलताच गोडसर, आंबूस वास तिच्या नाकात शिरला आणि घशात चिकटून बसला. मांस कोमट होतं. बोट लावलं तर बुळबुळीत तार निघाली. तिनं बोट राखेत घासलं, धुतलं, तरी ते तिला आपलं वाटेना.

रामप्रसाद आला, त्यानं नवा कोळसा ओतला आणि ठिणग्या उडेस्तोवर वारा घातला. राना वरून काळ्याभोर झाल्या. मटण नासलंय, असं वर्षाराणीनं सांगितलं, तशी सासू गोजरबाई हसली. "तिसरा महिना हाय तिला. भाकरीचा बी वास येऊन राह्यला."

ते खोटं नव्हतं. सकाळी कांद्याच्या फोडणीनंही तिला उमळून आलं होतं. क्षणभर तिचाच स्वतःवरचा विश्वास डळमळला. ती पुन्हा वाकली. धुराखाली तोच वास होता.

"मंग तुम्ही खाऊन दाखवा," ती नवऱ्याला म्हणाली.

त्यानं हाडाजवळ सुरी घातली. राखाडी, फेसाळ पाणी पात्यावरून ओघळलं. त्याच्या नाकपुड्या आक्रसल्या, ते तिनं पाहिलं. तरी त्यानं तुकडा चावला, गिळला आणि मिशीला लागलेली चरबी मनगटानं पुसली.

"बिलकुल बराबर हाय."

मांसाची किळस तिनं सोसली होती, ही सोसवेना. याला कळलं होतं, आणि तरी हा ते बारशाच्या पंगतीत वाढणार होता.

तिनं चिमट्यानं दोन्ही राना कचऱ्याच्या खड्ड्यात लोटल्या आणि कुत्र्यांनीही तोंड लावू नये म्हणून वरून फिनेल ओतलं. रामप्रसाद अंगावर धावून आला, पण खड्ड्यातला भपका नाकात जाताच जागीच थांबला. गोजरबाई पदर नाकाला लावून आत गेली. शेवटी त्यानंच जालन्याला फोन करून जमणार नाही म्हणून सांगितलं.

दिवस मावळता तो ढाब्यामागे ओणवा होऊन ओकत होता. वर्षाराणीनं पाण्याचा तांब्या नेऊन दिला. पाठीवरून हात फिरव, असं त्यानं खुणावलं. तिनं हात पुढे केला, पण तो त्याच्या सदऱ्याला लागेना.

"तोंड धुवा," एवढंच म्हणून ती वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली.