पितळेचा विसावा

मुलांनो, डोळे मिटायला सांगितलं असतं, पण मग वाचणार कसं? तेव्हा उघड्या डोळ्यांनीच एक खोली मनात आणा. फरशी इतकी लख्ख, की पडलेलं बिस्कीट बेलाशक उचलून खावं. मधोमध कपाटाएवढं एक यंत्र, त्याला काचेचं दार. दारामागे पितळेची जाड कांडी गरगर फिरते आहे आणि सोनेरी भुगा उडतो आहे. दारासमोर अकरा वर्षांची एक मुलगी उभी आहे. डोळ्यांवरचा मोठा चष्मा सारखा नाकावरून घसरतोय, पण तो सावरायलाही तिला फुरसत नाही.

घरी तिला सगळे कारभारीण म्हणायचे. कोणाचं काय अडलंय आणि ते कसं सोडवायचं, याचा घोर सगळ्यांच्या आधी हिलाच.

सध्या अडलं होतं आजोबांचं. चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस, आता चाकांच्या वॉकरला धरून चालायचा. वॉकरच्या पुढच्या उजव्या चाकातली बारीक कडी, म्हणजे बुश, झिजून गेली होती. चाक डुगडुगायचं आणि वॉकर एका बाजूला ओढ घ्यायचा.

"आयुष्यभर बसचं तोंड सरळ ठेवलं मी," आजोबा म्हणायचे, "आणि हा गाडा मला गटाराकडे नेतो!"

कोपऱ्यावरच्या बाकावर रोज पाचला त्यांचे मित्र बुद्धिबळाचा पट मांडायचे. दोन महिने झाले, आजोबा तिकडे फिरकले नव्हते. दुकानदार म्हणाला, हे मॉडेल बंद झालं, नवीन घ्या. आजोबा म्हणाले, "मग मलाच बदला की!"

आत्या यंत्राचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होती. तिथे शनिवारी दुपारी मुलांना यंत्रावर भाग बनवायला शिकवणारा वर्ग भरायचा. "मी नाही बाई येणार, हात काळे होतात," असं कारभारणीने आधी सांगितलं होतं. त्यावर आत्याने आपले दोन्ही हात तिच्या नाकासमोर धरले. "बघ. तुझ्यापेक्षा स्वच्छ आहेत. आमचं निम्मं काम डोक्याचं, हातांचं नंतर."

आणि खरंच, पहिले तीन शनिवार कारभारणीने पितळेला हातही लावला नाही. चाक मोजलं, संगणकावर बुशचं चित्र काढलं, यंत्राने कुठून कुठे जायचं ते आकड्यांत लिहिलं. चुकलं की यंत्र गुपचूप थांबायचं. रागवायचं नाही, हे तिला फार आवडलं.

आज चौथा शनिवार. आजोबा बाहेरच्या खुर्चीत, पायांत बूट घालून तयार. घड्याळात साडेतीन.

शेवटचा कातर, म्हणजे शेवटची पातळ कापणी, घेण्याआधी यंत्र थांबलं. "आता दार उघडं ठेव आणि पितळेला वीस मिनिटं विसावा दे," आत्या म्हणाली. "मग मोज, आणि किती कापायचं तो आकडा दे. मी पलीकडच्या यंत्रावर आहे."

वीस मिनिटं! आजोबा बाहेर ताटकळलेले, आणि पितळ काय थकलंय? कारभारणीने तेव्हाच मायक्रोमीटर, म्हणजे केसाची जाडीही मोजणारं माप, लावला, आकडा दिला, दार लावलं. यंत्राने शेवटचा कातर घेतला. तिने बुश पुन्हा मोजला. हवा होता तेवढाच! ती नाचतच बाहेर गेली. आजोबांना बुश दाखवला, त्यांनी तो फुंकर मारून बघितला, शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला दाखवला, मग तिच्या खांद्याचा आधार घेत ते आत आले. आत्याने वॉकरचं चाक काढून ठेवलं होतं. कारभारणीने बुश चाकाच्या भोकात सरकवला.

बुश एका बाजूने गेला आणि दुसऱ्या बाजूने टेबलावर टणकन पडला.

"कोमट होता ना मोजताना?" आत्याने विचारलं.

कारभारणीने टेबलावरचा बुश उचलला; आता तो गार लागत होता.

"तापलेलं पितळ फुगतं, बाळा. गार झालं की आकसतं. दोन शतांश मिलिमीटर गेले. केसाचा पाव भाग म्हण."

"आमची गाडी घाटात तापली की आम्हीसुद्धा थांबवायचो," आजोबा म्हणाले. "प्रवासी बोंबलेनात का."

"आजोबा, तुम्ही नका हो बोलू आता!" ती म्हणाली.

प्रत्येक मुलाला पितळेचा एकच तुकडा मिळायचा. दुसरा हवा असेल, तर पहिला भिंतीवरच्या फळीवर मांडायचा आणि काय चुकलं ते आपल्या हाताने लिहून खाली चिकटवायचं. फळी सगळ्यांच्या नजरेसमोर होती. कारभारणीने बुश मुठीत आवळला. खिशात घातला तर वर्गात कोणाला कळणार होतं? पण मग पाच वाजता बाकावर आजोबांची जागा रिकामीच राहणार होती.

ती फळीपाशी गेली. तिथे तिसाच्या वर तुकडे होते. एकाखाली लिहिलं होतं, "चित्र उलटं धरलं." अक्षर ओळखीचं.

"आत्या! हे तुझं?"

"एवढ्या मोठ्याने ओरडायचं काही कारण नाही," आत्या म्हणाली.

कारभारणीने लिहिलं, "गरम असताना मोजलं. घाई." कागद चिकटवता चिकटवता ती थबकली.

"तापलं की फुगतं. मग खूप गारठवलं तर आणखी आकसेल?"

"आकसेल."

"मग मी बुश भोकापेक्षा जरासा मोठाच केला, बर्फात ठेवला, आणि आखडलेला असताना पटकन चाकात सोडला, तर? आत गेल्यावर तो पुन्हा फुगेल आणि घट्ट धरेल. ठोकायला नको, जुनं चाक फुटायला नको."

 आत्याने कपाटातून पितळेचा नवा तुकडा काढला आणि कारभारणीच्या तळहातावर ठेवला.

या वेळी वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. नवा बुश पिशवीत घालून कॅन्टीनच्या फ्रीजमध्ये, बर्फाच्या खणात गेला. पावणेसहाला कारभारणीने जाड हातमोज्यातून तो काढला आणि चाकात सोडला. अलगद बसला. थोड्या वेळाने आत्याने जोर लावून ओढला. जागचा हलला नाही.

चाक वॉकरला लागल्यावर आजोबांनी खोलीत एक फेरी मारली. खडखड नाही, ओढ नाही. दुसरी फेरी मारायच्या ऐवजी ते सरळ दाराबाहेर पडले.

"अहो बाबा, थांबा! आम्ही येतो ना!" आत्या ओरडली.

"माझा थांबा पुढे आहे!" आजोबांचा आवाज आला. "मंडळी अंधार पडेपर्यंत असतात!"

आत्या हसत त्यांच्या मागे धावली. कारभारीणही दारापर्यंत गेली. आजोबा नाकासमोर चालले होते. तिने कान देऊन ऐकलं. उजवं चाक गप्प होतं. डावं मात्र बारीक कुरकुरत होतं.

पुढच्या शनिवारी कारभारीण डाव्या चाकाचा बुश करायला सगळ्यांच्या आधी वर्गात आली. शेवटच्या कातराआधी यंत्र थांबलं, तेव्हा तिने दार उघडं ठेवलं, घड्याळाकडे बघितलं, आणि हात शिवशिवू नयेत म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून स्टुलावर बसून राहिली.