शेवटचं खाणं किती वाजता?

घड्याळजीच्या घरात दोन जनावरं होती. चावी नावाची कुत्री आणि काटा नावाचा बोका. चावी दुकानाच्या पायरीवर आली, काटा खिडकीतून आला, आणि घरमालकाची परवानगी दोघांनीही घेतली नाही. घर म्हणजे जेमतेम दीड खोली. तीत नवरा-बायको, दुरुस्तीला आलेली घड्याळं आणि ही दोघं. लोक म्हणायचे, स्वतःच्या पोटाची मारामार आणि वर हे लाड! घड्याळजी म्हणायचा, लाड कोण करतंय? घरात आणलंय तर नीट सांभाळतोय, एवढंच.

आणि सांभाळायचा तो, त्यात खोट काढायला जागा नव्हती. डोळ्याला भिंग लावून, घड्याळाच्या बारीक चिमट्यानं तो चावीच्या अंगावरचे गोचीड एकेक करून काढायचा. कामाचा चिमटा वेगळा, गोचिडांचा वेगळा. गळपट्टा जुन्या चामडी पट्ट्या जोडून शिवलेला, अंथरूण बायकोच्या फाटक्या कोटाचं. जेवण म्हणजे भात आणि खाटकाकडची स्वस्तातली छाटण, बिनमिठाची, रोज ठरल्या वेळेला. लस टोचायची तारीख कधी चुकली नाही. त्या महिन्यात नवरा-बायको चहा बिनदुधाचा प्यायचे, बस. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. यांच्या अंथरुणात चौघं होती, म्हणून सगळ्यांनीच पाय थोडे पोटाशी घेतले होते.

गेल्या वर्षी मोफत शिबिरात काट्याची नसबंदी झाली. चावीचा नंबर तेव्हा लागला नाही आणि पुढे तिला चार पिल्लं झाली. घड्याळजीनं चारही पिल्लांना घरं शोधली, घरं आधी स्वतः जाऊन पाहिली, मगच पिल्लं दिली. पण महिनाभर चाललेल्या कुईंकुईंनी घरमालककाकांचं डोकं उठलं होतं. त्यांनी जिन्यात उभं राहून सांगितलं, "पुन्हा एक जरी पिल्लू दिसलं, तर कुत्री या घरात राहणार नाही. तिला ठेवायची असेल तर तुम्हीही दुसरं घर बघा."

यंदाचं शिबिर तीन दिवसांचं होतं आणि चावीचा नंबर शेवटच्या दिवशी, दुपारी बाराला लागला. चिठ्ठीवर डॉक्टरबाईंनी ठळक लिहिलं होतं, सकाळी सहानंतर काही खायला देऊ नये. घड्याळजीला वेळेचं काय सांगायचं! सहाच्या आत अगदी हलकं काहीतरी द्यायचं आणि भांडं धुऊन वर ठेवायचं, असं त्यानं ठरवलं.

स्वयंपाकघरात त्या आठवड्यात घरमालककाकांचंच लंबकाचं घड्याळ टांगलेलं होतं. दुरुस्त केलेलं घड्याळ आठ दिवस घरात चालवून बघायचं आणि मगच परत द्यायचं, ही घड्याळजीची रीत. कालच तो काकांना म्हणाला होता, "मिनिटाचा फरक नाही काका. डोळे मिटून भरवसा ठेवा." दुरुस्तीला आलेली बाकीची घड्याळं बंद पडलेली होती, हातातलं घड्याळ त्यानं एका गिऱ्हाइकाला वापरायला दिलं होतं आणि मोबाइल बायकोबरोबर बेकरीत गेला होता. बायकोची पाळी पहाटेची. तो उठला तेव्हा बाहेर हिवाळ्यातल्या दाट धुक्यानं अंधारलेलं होतं आणि काकांचं घड्याळ पावणेसहा दाखवत होतं. त्यानं चावीला मूठभर भात घातला.

पंधरा मिनिटांत बायको दारात. अंगाला पिठाचा वास, हातात पिशवी.

"आज लवकर सुटलीस?" त्यानं विचारलं.

"लवकर कसली? सव्वासात वाजलेत."

"सहा!"

"अहो, हा मोबाइल बघा."

घड्याळजीनं घड्याळ उतरवलं. पुढचं काचेचं दार उघडंच होतं. रात्री लंबक जरा सारखा करून ते लावायचं राहिलं होतं. पितळी लंबकावर पंज्याचे डाग, दोन पांढरे केस. एका फटक्यात काट्यानं घड्याळ बंद पाडलं होतं आणि दुसऱ्या फटक्यात चालू केलं होतं. मधला सव्वा तास बोक्याच्या पोटात. तो आता भांड्यांच्या फळीवर बसून, साधूसंतांसारखा डोळे मिटून होता.

"बोलू नका कुठे," बायको हळूच म्हणाली. "मूठभर भात तो. कुणाला कळणार आहे? उगाच हात दाखवून अवलक्षण."

बोलू नये असं घड्याळजीलाही वाटत होतं, हे खरं सांगायला हवं.

शिबिर शाळेच्या पटांगणात होतं. रांगेत निम्मी त्याचीच गिऱ्हाइकं. वर घरमालककाकाही आले होते. ऑपरेशन होतं की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला! टेबलामागून डॉक्टरबाईंनी मान वर न करता विचारलं, "शेवटचं खाणं किती वाजता?"

चावी त्याच्या पायाला टेकून बसली होती. सगळं त्याच्यावर सोपवून, निर्धास्त. घड्याळजीनं घसा खाकरला.

"सात वाजता."

बाईंनी मान वर केली. "चिठ्ठीत सहा लिहिलंय."

"माझ्या घरातलं घड्याळ मागे होतं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. "घड्याळजीच्या घरातलं? दिव्याखाली अंधार!"

काका पुढे सरकले. "कुठलं घड्याळ? माझं?"

"तुमचंच, काका. पण घड्याळात दोष नाही. बोक्यानं लंबक थांबवला. बोक्याचाही दोष नाही, घरात मांजर आहे हे माहीत असून दार मी उघडं ठेवलं. चूक माझी."

कान लाल झाले होते त्याचे, पण आवाज सरळ होता. आयुष्यभर लोकांना अचूक वेळ देणाऱ्या माणसानं चारचौघांत आपली वेळ चुकल्याचं सांगितलं, आणि तेही कुणासमोर, तर ज्याचं घड्याळ त्याच्यासमोर.

"पोटात अन्न असताना भूल दिली आणि उलटी झाली, तर ती फुप्फुसात जाते," बाई म्हणाल्या. "नंबर गेला तुमचा. सगळ्यांच्या शेवटी बघू. पण भुलीचं औषध मोजकं आहे. संपलं तर पुढच्या वर्षी. कबूल?"

पुढचं वर्ष म्हणजे मधे पिल्लं, आणि पिल्लं म्हणजे काकांचा शब्द. तरी तो म्हणाला, "कबूल." बायकोनं पदर तोंडाशी धरला.

तो चावीला घेऊन बाजूला झाला. पुढची बाई टोपलीत मांजर घेऊन उभी होती.

"शेवटचं खाणं?"

"काल रात्री," ती म्हणाली आणि घड्याळजीकडे बघून थांबली. "नाही हो ताई. मघाशी दूध पाजलंय. रडत होती म्हणून."

तिच्यामागच्या आजोबांनीही कुत्र्याला दिलेल्या बिस्किटाची कबुली दिली. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"तीन दिवस मी हाच प्रश्न विचारतेय," त्या म्हणाल्या, "आणि तीन दिवस सगळेच उपाशी आहेत! काल एक मांजर टेबलावर उलटी करता करता कसंबसं वाचलं. हा माणूस खरं बोलला नसता, तर आज मी आणखी तीन जिवांशी खेळले असते."

मग त्यांनी यादी बदलली. ज्यांनी खरं सांगितलं ते तिघं शेवटी, पण आज. घड्याळजी संध्याकाळपर्यंत थंडीत चावीला कोटात गुंडाळून बसला. बायको शेजारी बसली आणि म्हणाली, "मी गप्प बसा म्हटलं होतं ना, ते विसरा. मला तुमचा अभिमान वाटला."

औषध पुरलं, अगदी तळाशी लागून. दिवे लागायच्या वेळेला चावीला झोपेतच बाहेर आणलं. घड्याळजीचा जीव भांड्यात पडला. एक खांदा त्यानं धरला, एक बायकोनं, आणि मागची बाजू धरायला कुणी नव्हतं, तेव्हा काका पुढे झाले. दुपारपासून ते घरी गेलेच नव्हते.

फाटकाशी एका अनोळखी माणसानं काकांना विचारलं, "ते दुपारी खरं बोलले ते हेच का? कोण हो हे?"

काकांनी कुत्रीखालचा हात नीट केला.

"आमचे भाडेकरू," ते मान ताठ करून म्हणाले. "आणि ही कुत्री आमच्याच घरातली. सरका जरा, वाट द्या."