गुलाबले भांडाचं होतं

बसा मास्तर, बाजेवर बसा. तिकडून ढिली हाय, इकडून बसा. तुमाले गावात येऊन पंधरा दिस झाले अन् उद्याच्या सभेत लिहाचं काम तुमच्याच गळ्यात पडलं म्हन्ते. मंग आंधी गुलाबची गोष्ट ऐका. दुसरा कोनी सांगंन तर तिखटमीठ लावंन. मी जे झालं तेच सांगतो, अन् त्यात माही फजिती हाय ते बी सांगतो.

मी गुणवंता, या गावचा कोटवार. माहा बाप बी कोटवारच होता. गावात कोन जनमलं, कोन मेलं, ते वहीत लिहाचं अन् ठाण्यात जाऊन सांगाचं, हे आमच्या घरचं काम. चौथी शिकलो, तेवढ्यात भागते.

गुलाब मंजे तो विहिरी बांधते तो, उंच, पांढऱ्या फेट्याचा. तो मुळात पाकिस्तानातला. थरचं वाळवंट हाय तिकडं, छाछरो गावाच्या पल्याड. एकाहत्तरच्या लढाईत तिकडले गंज हिंदू लोक इकडं आले अन् बाडमेरच्या कँपात राह्यले. हा बी त्यातलाच, एकटा. बसून खानं याले जमलं नाई. एका ठेकेदारासंग विहिरी खोदाले निघाला तो तिगाव टेसनावर उतरला, अन् तिथून दोन कोस चालत आपल्या गावात. लोक म्हनत, वाळवंटातला मानूस, याले पान्याचा वास येते. तो म्हने, "वास-बिस काई नाई जी, मी फक्त घाई करत नाई." या शिवारातल्या बावीस विहिरी त्याच्या हातच्या हायत. संत्र्याच्या कोनत्या झाडाले पानी कमी पडून राह्यलं ते मालकाच्या आंधी हा सांगते. अन् आता शिव्या बी आपल्याच बोलीत देते.

पन एक झालं. कँपातल्या लोकायले तिथंच नागरिकतेचे कागद भेटले, तवा हा आपल्या गावात साठ फूट खाली विहिरीत होता. निरोप आला तवा कागद वाटून झाले होते. मंग दर साली छिंदवाड्याले पोलिसाच्या कचेरीत जाऊन हजेरी लावाची, 'मी इथंच हाय' म्हनाचं, अन् वापस याचं. बारा-तेरा वर्षं त्यानं असंच काढलं. गावात कोनाले त्याचं काई वाटत नव्हतं. त्याले बी वाटत नव्हतं, असं आमी समजत होतो.

पंचाऐंशीच्या उन्हाळ्यात सरकारी विहीर मंजूर झाली. तिची सभा मारुतीच्या पारावर. पुंडलिकराव म्हने, विहीर नाल्याच्या वर, माह्या बागेपाशी होऊ द्या, तिथं जागा सपाट हाय. सारे मान हालवून राह्यले. पुंडलिकराव मोठा मानूस, ट्रकवाला, त्याच्यापुढं कोन बोलते! तर गुलाब मांगून उठला अन् म्हने, "तिथं नोका घेऊ. खाली टोलीच्या वस्तीत घ्या. तिथल्या बायाबापड्या पान्यासाठी अर्धा कोस चालून राह्यल्या, अन् पानी बी तिथंच हाय."

पुंडलिकराव काई रागावला नाई. हासला. म्हने, "गुलाब, तू आमचा पाहुना. पाहुन्यानं पंगतीत पोटभर जेवावं, वाढप्याले शिकवू नये."

लोक हासले. मी बी हासलो, खोटं काहून बोलू? गुलाब खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो माह्या दारात. "गुणवंताभाऊ, पाहुना नसाचं असंन तर अर्ज कुठं द्याचा?"

"अबे, कोनी मजाकनं बोललं तर..."

"मजाक नव्हती. बरोबर बोलला तो. पाहुन्यानं शिकवू नये. मंग मले पाहुना राह्याचंच नाई."

अर्ज गेला. सहा महिने काईच नाई. मंग सौंसरच्या तहसीलीतून निरोप आला का नायब तहसीलदार चौकशीले येऊन राह्यले, मानूस कोन हाय, कसा हाय, गाववाल्यायले विचारतीन. आता गावात घबराट. पाकिस्तानचं नाव निघालं तर उचलून नेतीन, त्याले बी अन् त्याले ठेवनाऱ्यायले बी. सरपंच यशवंतराव म्हने, "गुणवंता, वही तुह्यापाशी हाय ना? गुलाबचा जनम इथंच झाला असं लिहून टाक. झगडाच मिटला."

मले ते पटलं. गुलाबले विचारलंच नाई. त्याले काय विचाराचं, त्याच्याच भल्याचं तर काम! बापाच्या हातची बेचाळीस सालची वही काढली. दोन वळींच्या मधात बारीक जागा होती, तिथं लिहिलं: मुलगा, नाव गुलाब. मायच्या नावापाशी अडलो. तवा कलाबाई तिथंच बसली होती. साऱ्या गावाचे बाळंतपन तिनंच केले. म्हने, "लिही माहं नाव. एक पोरगा जास्त झाला तर मले काय जड होते?"

साहेब जीपनं आले. भोपाळकडले होते, हिंदीतून बोलत. पारावर खुर्ची टाकली. सारं गाव जमा. गुलाब एका बाजूनं उभा, धुतलेला फेटा बांधून.

साहेबानं इचारलं, "यह आदमी कहाँ का है?"

"इथलाच जी!" शंभर लोक एकदम. पुंडलिकरावचा आवाज त्यात सगळ्यात मोठा, बरं का.

"यहीं पैदा हुआ?"

"हाव जी, इथंच!" मी वही पुढं केली.

साहेबानं चष्मा लावला, वही पाह्यली, पान उजेडात धरलं. मंग माह्याकडं पाह्यलं. "कोटवार, सन बयालीस में तुम्हारे गाँव में डॉट पेन आ गया था?"

मास्तर, तिथंच फसलो. बापानं सारी वही टाकानं लिहिली होती, शाई फिक्की पडून गेल्ती. अन् मधात माही एक वळ निळीगार चमकून राह्यली होती.

"और ये कलाबाई कौन हैं?"

कलाबाई उठली. "मीच जी. मीच जनलं त्याले."

"आपकी उमर?"

"असंन पन्नास."

साहेबानं बोटावर हिशोब केला. "मतलब आप छह-सात साल की थीं?"

कलाबाई डगमगली नाई. "तवाचं खानं-पिनं वेगळं होतं साहेब!"

सारे खसखसले. साहेब नाई हासले. त्यायनं वही मिटवली. म्हने, "यहीं पैदा हुआ है तो नागरिकता किसलिए माँग रहा है? या तो अर्जी झूठी है, या पूरा गाँव झूठा है. अर्जी खारिज होगी, और कोटवार की नौकरी भी जाएगी."

आमीच त्याचा गळा कापला होता, मास्तर. लाडानं कापला.

तवा गुलाब पुढं आला. माह्याकडं पाह्यलंच नाई त्यानं. फेट्याच्या शेवाले प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद बांधला होता, तो सोडला अन् साहेबाच्या हातात देल्ला. कँपातली चिठ्ठी. पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली.

"साहेब, हे लोक खोटं बोलून राह्यले. मी पाकिस्तानातला. छाछरोच्या पल्याड आमची ढानी, चार घरायची वस्ती. माहा जनम तिथला. माह्या मायचं नाव जेठी. ती तिथंच मेली, लढाईच्या आंधी दोन वर्षं, मीच तिले अग्नी देल्ला." मंग कलाबाईकडं वळला. "मावशी, तू माय झाली असती तर माहं काई वाईट नव्हतं झालं. पन जेठीचं नाव खोडून दुसऱ्या कोनाचंच नाव नोको. मी तिथून इथं चालत आलो. ते चालनं कोनी वहीतून काढून टाकू नये."

कलाबाईनं पदर तोंडाले लावला. म्हने, "चुकलं बाप्पा."

साहेब चिठ्ठी वाचत होते. गंज वेळ वाचली. मंग नरम आवाजात म्हने, "तो बताओ, क्यों चाहिए? ज़मीन लेनी है? कर्ज़ा उठाना है? राशन?"

"नाई जी. वावर मले झेपत नाई, विहिरीतच बरं वाटते. रोटी भेटते."

"तो?"

गुलाबनं पुंडलिकरावकडं बोट केलं. "साहेब, मले यायच्यासंग भांडाचं हाय."

"क्या?"

"भांडाचं हाय. विहीर खाली टोलीत पाह्यजे, हे वर घेऊन राह्यले. मी बोललो तर पाहुना हाय म्हनते. बरोबर हाय, पाहुन्याले भांडता येत नाई. पाहुना जेवते, हात धुते, 'छान झालं' म्हन्ते. तेरा वर्षं मी 'छान झालं' म्हनून राह्यलो. आता मले म्हनाचं हाय का भाजीत मीठ नाई. ते घरचाच मानूस म्हनू शकते ना जी?"

साहेबानं खिशातून पेन काढला. मंग त्यायनं आपल्या चपराशाले म्हटलं, "पानी पिला." पानी पिलं, अन् एक पानभर लिहिलं. काय लिहिलं ते मले नाई ठाऊक. माह्या वहीतली ती वळ मलेच खोडाले लावली, अन् बाजूनं लिहाले लावलं का कोटवार गुणवंता यानं हे खोटं लिहिलं होतं. सही केली. आजही हाय ते, दाखवतो तुमाले. नौकरी राह्यली. वर्षभर मात्र पोट्टे मले पाहून ओरडत, "डॉट पेन! डॉट पेन!"

मंग मांगच्या महिन्यात छिंदवाड्याचं बोलावनं आलं. अर्ज मंजूर झाला होता, आता शपथ घ्याची होती. जाचं कसं? पुंडलिकराव म्हने, "माहा ट्रक हाय ना." संत्र्याचाच ट्रक, खाली तनस, वर आमी चाळीस जन. कलेक्टर कचेरीच्या दाराशी शिपाई घाबरला, त्याले वाटलं मोर्चा आला.

बाबूनं शपथ सांगितली, गुलाब मांगून म्हनत गेला. बाबूनं रजिस्टर भरताना इचारलं, जन्मस्थान? तर "छाछरोच्या पल्याड, पाकिस्तान!" याचा आवाज विहिरीतून काढावा तसा निघाला, साऱ्या कचेरीनं मान वर केली. आईचं नाव? "जेठी." मास्तर, मले ना शेतवाडी ना डिगरी. पन त्या दिवशी माही छाती अशी फुगली का सदऱ्याचं बटन तुटलं. आपल्याले हे जनमताच फुकटात भेटलं. या मानसानं ते मांगून घेतलं, खरं सांगून घेतलं.

वापस येताना जामसांवलीले उतरलो. मारुतीरायापुढं नारळ पुंडलिकरावनंच फोडलं. अर्धं गुलाबच्या हातात देल्लं अन् म्हने, "ऐक लेका. आजपासून तू माहा पाहुना नाई. विहीर माह्या बागेपाशीच होईन."

गुलाब खोबरं चावून राह्यला होता. म्हने, "करून दाखव!"

दोघं असे हासले का पुजाऱ्यानं डोळे वटारले.

तर मास्तर, उद्या तीच सभा हाय. तवा जागा पक्की झालीच नव्हती, दोन वर्षं अडकलेली विहीर उद्या ठरते. पुंडलिकराव काल माह्याकडं बसून मुद्दे घोकून गेला, अन् गुलाबनं टोलीतल्या बाया गोळा करून ठेवल्या. आवाज चढतीन, फेटे सुटतीन. कोन जिंकंन ते मले सांगता येत नाई. तुमी नवीन हा, तुमाले वाटंन हे भांडन कायले कागदावर घ्याचं, दोन वळीत आटपून टाकू. तसं नोका करू. एवढंच मांगतो तुमाले: गुलाब जे जे बोलंन, ते त्याच्या नावानं, एक शब्द न गाळता लिहा.