पार्बताबाईचं घोंगडं

गोठा पेटला तेव्हा म्हातारी पार्बताबाई आत गाईचं दावं सोडत होती. गाय सुटली, पण हिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

गावातली औषधवाली जमुना लगेच आली. तिनं जखमा धुतल्या, मध-तूप लावून वर केळीचं कोवळं पान बांधलं.

"म्हातारं कातडं कांद्याच्या पापुद्र्यावानी असते, लवकर भरत नाई," ती म्हणाली. "शेषराव, अंगावर ओलं घोंगडं टाकलं असतं तं एवढं भाजलं नसतं."

"लय शोधलं वो, सापडलंच नाई," लेकानं डोळे पुसले. पार्बताबाईला भरून आलं.

त्याच सांजेला तिला हुडहुडी भरली. सून शकुन तिचंच घोंगडं घेऊन आली. अजून दमट होतं, आणि त्याला कापसाचे पुंजके चिकटले होते.

"कुठं होतं हे?"

"कापसाच्या गंजीवर. ठिणगी पडू नये म्हनून यायनंच भिजवून टाकलं होतं."

यंदा कापसाला सोन्याचा भाव होता. शेषराव खाली मान घालून उभा राहिला.

"ने ते परत," पार्बताबाई त्याला म्हणाली. "कापसाले पांघर. त्याले थंडी वाजत असन."